जांभळा तंगूस

दसरा जवळ आला की पंचगंगेचं पाणी निवळायला लागतं. श्रावणात ते विटकरी असतं, भाद्रपदात दुधाच्या चहासारखं, आणि नवरात्र सरता सरता त्यात एक हिरवट छटा यायला लागते. ती कुठून येते हे मला अजून कळलेलं नाही. दरवर्षी या दिवसांत मी एकदा तरी घाटावर जाऊन ती बघून येते. कुणी देवाला जातं, कुणी फिरायला जातं, मी पाण्याचा रंग बघायला जाते. रंगाऱ्याची मुलगी आहे, आता तर स्वतःच रंगारी आहे, त्यामुळे घरात कुणाला याचं नवल वाटत नाही.

परवा गेले तर खालच्या पायरीवर एकजण गळ टाकून बसला होता. गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा, ज्याला आमच्याकडे तंगूस म्हणतात, तो त्याचा इतका भडक पोपटी होता की मला वरच्या पायरीवरूनही दिसला. मी जवळ जाऊन विचारलं, हा असला रंग मुद्दाम घेतला का. त्यानं मोठ्या आनंदानं सांगितलं की पाकिटावर लिहिलंय, हा रंग माणसाला दिसतो, माशाला दिसत नाही. मी विचारलं, खरंच फरक पडतो का रंगानं. त्यानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं.

“पडतो की मावशी. न पडून कसं चालंल?”

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. दुकानात आल्यावर गल्ल्याखालचा खण उघडून त्यातली तंगुसाची गुंडाळी बाहेर काढली. ती जांभळी आहे. वांग्याच्या सालीचा असतो तसला गडद जांभळा. तिच्यामुळे मला तो एक हंगाम आठवतो, आणि आठवला की ज्या माणसांच्या हाती मी सापडले त्यांच्याबद्दल मन भरून येतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाहूपुरीतल्या एका बोळात आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, रंगारीकाम चालायचं. साड्या, ओढण्या, फेटे रंगवून मिळतील, अशी पाटी. आत दोन शेगड्या, तीन तांब्याची पातेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखालच्या फळीवर रंगाच्या पुडीचे वीसेक पत्र्याचे डबे. डब्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. सगळे एकाच चहावाल्याकडून आणलेले, एकाच मापाचे. चिठ्ठी कशाला लागते, झाकण उघडलं की दिसतंच की, असं आबांचं म्हणणं. आमच्या घरात रंग वाचायचा नसतो, बघायचा असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता वाटतं, एवढ्या हुशार माणसानं एवढी साधी चूक करावी, ती त्याच्या हुशारीमुळेच.

त्या वर्षी गौरी यायच्या आधी एका बाईंनी कॉफी रंगासाठी साडी दिली आणि ती वांगी रंगाची होऊन बाहेर आली. बाईंनी ती दारात उजेडात धरली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, रंगारी, डोळं तपासून घ्या आता. त्या गेल्यावर आबांनी मला विचारलं, कॉफीच आहे ना गं? मी नाही म्हटलं. मग त्यांनी दुसऱ्या दोन माणसांना विचारलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत. पण अजून पिकला नाही, थंडीत या, तेव्हा काढू, म्हणाले. त्या काळी तसंच असायचं, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची. आंब्याची अढी घातल्यासारखी आम्ही सगळी माणसं घरात ती वाट बघत होतो. आबांना सगळ्या जगावर चहाचं पाणी शिंपडल्यासारखं दिसायचं. पांढरं पिवळट, जांभळं तपकिरी, निळं आणि हिरवं एकच. त्यांनी शेगडी बंद केली. दिवाळीच्या कामाचे दिवस तोंडावर आलेले, आणि ते दुकानात खुर्ची टाकून नुसते बसायचे. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे. मी बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते, म्हणजे घरी पुस्तक उघडून बसत होते. रंगकाम मला येत नव्हतं. ते सगळं आबांच्या चिमटीत आणि डोळ्यांत होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. थंडीत डोळे नीट नाही झाले तर आबांचं काय होईल, हे आई आणि मी एकमेकींशीही बोलत नव्हतो.

आमच्याकडे दूध घालणारे दत्तूमामा वडणग्याचे. चार म्हशी, सायकलला दोन किटल्या, आणि दूध घालून झालं की परत जाताना घाटावर गळ टाकून बसायची खोड. आबांचे ते तालमीपासूनचे मित्र. आबा गप्प झालेत हे त्यांना पंधरा दिवस बघवलं, सोळाव्या दिवशी त्यांनी दुधाच्या मापाबरोबर पांढऱ्या तंगुसाची गुंडाळी काउंटरवर ठेवली. म्हणाले, पाणी निवळायला लागलंय, पांढरा तंगूस उन्हात चमकतो, मासा बिचकतो, तेव्हा हा शेवाळी करून दे. आबा म्हणाले, मासा गळाला लावलेलं गांडूळ बघतो, तंगूस कशाला बघतोय. मामा म्हणाले, बघतो. आबा म्हणाले, रंगानं काही फरक पडत नाही. मग मामांनी विचारलं, तसं असेल तर तू चाळीस वर्षं हितं काय करत बसलायस. आबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला शेगडी पेटवायला सांगितली.

त्या महिन्यात मी जे शिकले ते कुठल्या कॉलेजात शिकले नसते. रेशमाला लागतो तो रंग नायलॉनला लागतो. पाणी कढत हवं, पण उकळायचं नाही, नाहीतर तंगूस लेचापेचा होतो आणि मासा तोडून नेतो. व्हिनेगरचे चार थेंब. गुंडाळी सैल सोडायची, नाहीतर आतल्या वेढ्यांना रंग पोचत नाही आणि डाग पडतात. आणि एक उलटंच. साडीचा रंग वाळल्यावर बघायचा, कारण ओलं कापड नेहमी आहे त्याहून गडद दिसतं. तंगूस मात्र ओलाच बघायचा, मासा त्याला कोरडा कधी बघणार नाही. आबांनी हे स्वतःशी बोलल्यासारखं सांगितलं आणि मग स्वतःलाच हसले. गौरीनंतर ते पहिल्यांदा हसले होते.

मामा रिकाम्या किटलीतून नदीचं पाणी आणायचे. ते आम्ही काचेच्या पेल्यांत ओतून खिडकीत ठेवायचो आणि प्रत्येकात एकेक रंगाचा तुकडा सोडायचो. जो दिसणार नाही तो चांगला. आबा पेल्यांपुढे वाकायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे की सगळेच चांगले आहेत, एकही दिसत नाही. मामा पोट धरून हसायचे. जन्मभर उठून दिसणारे रंग केले आणि आता न दिसणारा रंग करायची पाळी आली, असं आबा म्हणायचे, पण ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. दोघांचा वाद रोज चालायचा. मामा पकडलेले मासे मोजून सांगायचे, शेवाळी तंगुसाला इतके, पांढऱ्याला इतके. आबा म्हणायचे, तू बसतोस कुठं, टाकतोस कधी, गांडूळ केवढं, ते आधी सांग. आईचं म्हणणं वेगळंच होतं. पंचशीलातलं पहिलं, जीव न मारण्याचं शील तुम्ही दोघांनी मिळून पाण्यात बुडवलंय, निदान चौथं तरी सांभाळा, बोलताना खरं बोला, मासे वाढवून सांगू नका. आई हे म्हणायची आणि आलेला मासा तव्यावर टाकायची.

मग परतीचा पाऊस आला आणि पाणी पुन्हा गढूळ झालं. मामांनी नवी गुंडाळी आणली, मातकट करून दे म्हणाले. आबांनी फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि चमचाभर पूड पातेल्यात टाकली. मी तेव्हा बाहेर पाणी भरत होते. आत आले तेव्हा ते काठीनं गुंडाळी वर काढत होते, कोपरापर्यंत हात ओले, कपाळावर घाम, चेहरा अगदी पूर्वीसारखा. तंगूस जांभळाशार झाला होता.

“मातकट आलाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “व्हय आबा. झकास मातकट.”

मला आजही ते वाक्य माझ्या आवाजात ऐकू येतं. मला वाटलं होतं मी काहीतरी चांगलं करतेय. मामा आले तेव्हा आबांच्या पाठीमागून मी त्यांना हात जोडून दाखवले. त्यांनी गुंडाळी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि झ्याक हाय म्हणून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ते आबांना सायकलवर डबलसीट बसवून घाटावर घेऊन गेले. मीही मागून चालत गेले, कारण मला धीर निघत नव्हता. मामांनी खरोखर तोच तंगूस गळाला बांधला. शेजारी बसलेल्या माणसानं तोंड उघडलं, बहुतेक लग्नाच्या बस्त्याबद्दल काहीतरी बोलणार होता, पण मामांनी हातानंच त्याला गप्प केलं. घाटावर पाचसहा जण होते, एकानंही ब्र काढला नाही. कोल्हापूरची माणसं जिथं तिथं मोठ्यानं बोलतात असं सगळे म्हणतात, त्यांनी तो घाट बघायला हवा होता. तासाभरात दोन शिंगाडे मासे लागले आणि मग हातभर लांबीची मरळ. मामांनी ती आबांच्या मांडीवरच ठेवली. आबा तिच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत बसले. येताना म्हणाले, मी हरलो दत्तू, रंगानं फरक पडतो बघ.

दसऱ्याला आमच्याकडे सगळे पांढरं नेसतात. रंगाऱ्याच्या घरात वर्षातून एकदाच पांढऱ्याची पाळी येते, म्हणून आई त्या साड्यांना पातेल्याच्या जवळसुद्धा ठेवत नसे. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना मी चौथ्या शीलाला नुसते ओठ हलवले. शेजारी आबा मोठ्यानं म्हणत होते. त्यांचा आवाज परत आला होता आणि तो कशामुळे आला होता हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी कागलहून एक बाई आल्या. त्यांच्या आईची साय रंगाची रेशमी साडी घेऊन. आईला जाऊन सहा महिने झाले होते, साडीवर पिवळे डाग पडले होते, कॉफी रंगात ते झाकले जातील आणि भाऊबीजेला नेसता येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नीट करा, आईची ही एकच राहिलीय, एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं आबा परत पाठवतील. आबांनी साडी घेतली. मरळ मिळालेला माणूस होता तो. मी तिथंच, काउंटरवर, बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

साडी साध्या पाण्यात भिजत घातली. पातेलं तापलं. आबांनी फळीवरून तोच डबा काढला, झाकण उघडलं, चमचा आत घातला.

“आबा, त्यो जांभळ्याचा डबा हाय.”

“तपकिरीचा हाय. परवा तंगुसाला ह्योच घातलाता.”

“परवाचा तंगूस जांभळाच झालता. मी खोटं बोललो.”

आमच्या कोल्हापुरात पोरीही बोललो, गेलो असंच म्हणतात. पण त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून कुणी दुसऱ्यानंच म्हटल्यासारखं आलं. आबांनी चमचा परत डब्यात ठेवला. झाकण लावलं, ते नीट बसलंय का ते अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं. महिनाभर मामांनी जे उभं केलं होतं ते मी एका वाक्यात पाडलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, दत्तूला ठाऊक आहे का. मी हो म्हटलं. घाटावरच्या सगळ्यांना? मी हो म्हटलं. आबा म्हणाले, “मग मासं कसं घावलं?”

ते इतक्या मनापासून विचारत होते की मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले.

“रड मागनं. साडी भिजत पडलीया,” आबा म्हणाले. “हिकडं ये. एकेक डबा उघड आन् काय दिसतंय ते सांग. मला बरं वाटंल असं न्हाय. दिसतंय तसं.”

मी एकेक डबा उघडत गेले. मी लाल म्हटलं की ते विचारायचे, कुठला लाल, कुंकवाचा, विटेचा का डाळिंबाच्या दाण्याचा. मी हिरवा म्हटलं की विचारायचे, पोपटाचा का कोवळ्या भाताचा. मला इतके रंग असतात हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्या दुकानात वाढून मी नुसते लाल आणि हिरवे बघत आले होते. एकेका डब्यावर मी वहीचा कागद फाडून चिठ्ठी चिकटवत गेले, आबांनी एकदाही नको म्हटलं नाही. मग त्यांनी चिमटीचं माप सांगितलं, मी टाकलं. पांढरी चिंधी बुडवून, इस्त्रीनं वाळवून, खिडकीत धरून मी सांगायचे, अजून तांबूस आहे आबा. ते म्हणायचे, मग काळ्याची कणभर. कणभर म्हणजे किती हे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं. दुपार गेली. साडी पातेल्यात सोडली तेव्हा काठी माझ्या हातात होती आणि त्यांचा हात माझ्या हातावर होता, काठी कुठेच थांबू द्यायची नाही हे कळावं म्हणून.

बाई आल्या तेव्हा साडी दारात उजेडात घेऊन गेल्या. उलटसुलट करून बघितली, पदर हातावर घेतला, घडी घातली, आणि पिशवीत ठेवण्याआधी पुन्हा उघडून बघितली. त्या गेल्यावर आबांनी मला विचारलं, कशी बघत होती? मी दिसलं तसं सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होत्या.

दत्तूमामांना आबांनी आठवडाभर फैलावर घेतलं. मामांना कसलीच खंत नव्हती. मी कुठं खोटं बोललो, म्हणायचे, मी झ्याक म्हणालो, तर झ्याकच होता. आणि मासे का लागले यावर त्यांचं तयार उत्तर होतं. गढूळ पाण्यात खाली सगळं काळंच दिसत असंल त्यास्नी, जांभळं काय आन् मातकट काय. म्हणजे रंगानं फरक पडत नाही, असं आबा म्हणायचे. निवळ पाण्यात पडतो, असं मामा म्हणायचे. हा वाद त्यांनी पुढं बारा वर्षं, मामा जाईपर्यंत, पुरवला. शेवटी आबाच शेवाळी तंगूस रंगवून ठेवायचे आणि मामाच म्हणायचे, राहू दे, पांढरा चालतोय.

मी बँकेची परीक्षा दिली नाही. आबांच्या पातेल्यात हात घातला तो अजून बाहेर काढलेला नाही. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गिऱ्हाइकाला रंग आवडणार नाही असं दिसलं की मी आधीच सांगते, आणि तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून बोळात माझं नाव आहे, ते चांगलं का वाईट मला माहीत नाही. पण ती एक दुपार मला मिळाली नसती तर मी काय झाले असते, असा विचार कधीकधी येतो, आणि मग मी आबांची, दत्तूमामांची, त्या कागलच्या बाईंची, घाटावर तोंड मिटून बसलेल्या त्या पाचसहा जणांचीही ऋणी आहे असं वाटतं. मामा तंगूस घेऊन आले नसते तर आबा खुर्चीतून उठलेच नसते.

त्या वर्षी थंडीत आबांचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, महिन्यानं दुसरा. हिरव्या कापडाची पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि एका सकाळी आबा दुकानात येऊन चष्मा काढून उभे राहिले. भिंतीकडे, पातेल्यांकडे, माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांकडे बघून झालं. मामा दूध घालायला आले होते, त्यांना म्हणाले, तो तंगूस दे. मामांनी सायकलच्या पिशवीतून गुंडाळी काढून दिली. आबा ती घेऊन दारात उजेडात गेले आणि हातावर वेढा सोडत सोडत बघायला लागले. मामा आणि मी निकालाच्या फळ्यापुढं उभं राहावं तसे मागं उभे होतो.

“जांभळाच हाय की,” आबा म्हणाले. मग पुढचा वेढा, आणखी पुढचा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत त्यांनी तो बोटांतून ओढून बघितला. “पण बग, कुठं डाग न्हाय. एकसारखा बसलाय का न्हाय? खरं सांग.”

मी गुंडाळी हातात घेतली आणि पहिल्या टोकापासून पुन्हा बघितली. खरंच एकसारखा होता, आणि मी त्यांना तसं सांगितलं.